जुन्या व्हीएमसीचे कंट्रोल बदलताना मोटर आणि पॉवर सप्लायचे काय करावे?

प्रश्न
नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे जॉबवर्कचे युनिट आहे. आमच्याकडील जपानी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे सीएनसी मिलिंग मशीन) १९८०च्या दशकातील असली, तरी तिचा बेड व स्लाइड उत्तम आहेत आणि डायल गेज लावल्यावर एक्स अक्षाचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा) ०.०२ मिलिमीटरच्या आत भरतो. कंट्रोलचा मात्र भरवसा उरलेला नाही. सकाळी मशीन नीट चालते, दुपारी सर्व्हो अलार्म येऊन मधेच थांबते आणि जॉब वाया जातो. तिन्ही अक्षांना टॅको (वेग मोजणारा) व एन्कोडर (स्थान मोजणारा) असलेल्या डीसी सर्व्हो मोटर आहेत. फक्त कंट्रोल बदलावे की मोटर आणि ड्राइव्हही (मोटरला वीज देऊन चालवणारे युनिट) नवे घ्यावेत?

उत्तर १
एवढा कमी बॅकलॅश असलेले मशीन सोडू नका. मोटर ड्राइव्हपासून सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर) लावा, कार्बन ब्रशची लांबी व कम्युटेटर पाहा. हे ठीक असल्यास मोटर बदलण्याची घाई नको. ड्राइव्ह उणे १० ते अधिक १० व्होल्टची अ‍ॅनालॉग कमांड घेत असतील, तर लिनक्ससीएनसी (संगणकावर चालणारे कंट्रोल सॉफ्टवेअर) आणि मेसा कंपनीचे ७आय७७ कार्ड हा माझ्या मते सर्वांत योग्य मार्ग आहे, कारण त्या एका कार्डावर सहा अ‍ॅनालॉग आउटपुट आणि सहा एन्कोडर इनपुट मिळतात. टॅको पूर्वीप्रमाणे ड्राइव्हलाच जोडलेला राहतो, त्यामुळे वेगाचा लूप (मोजून लगेच दुरुस्त करण्याचे चक्र) ड्राइव्ह सांभाळतो आणि कंट्रोलकडे फक्त पोझिशनचा लूप येतो. जुनी लॅडर (मशीनच्या क्रियांचा क्रम ठरवणारा प्रोग्राम) आणि पॅरामीटर (सेटिंग) आधी उतरवून ठेवा. टूल चेंजरचा क्रम पुन्हा लिहिताना त्यांची गरज पडेल.

उत्तर २
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण कंट्रोलवर खर्च करण्यापूर्वी पॉवर सप्लाय तपासावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गरम झाल्यावरच येणारा अलार्म पुष्कळदा वाळलेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमुळे येतो, आणि असा सप्लाय तसाच ठेवल्यास नवे कंट्रोलही तसेच थांबेल. २४ व्होल्टची लाइन मशीन रिकामे असताना नव्हे, तर झेड अक्षाचा (हेड वर-खाली नेणाऱ्या) ब्रेक आणि टूल चेंजरचे सोलेनॉइड एकाच वेळी ओढत असताना मोजा.

पुढे एसी सर्व्हो घेतलेच, तर २०० व्होल्ट वर्गाचे ड्राइव्ह आपल्या ४१५ व्होल्ट थ्री फेजवर थेट लावू नयेत. जुना ट्रान्सफॉर्मर ठेवून त्याची केव्हीए क्षमता पुरते का, एवढे पाहावे.

प्रश्नकर्ता
आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. रिकाम्या मशीनवर २४.१ व्होल्ट मिळतात, पण दुपारी ब्रेक आणि सोलेनॉइड एकत्र ओढताच ते २०.६ पर्यंत उतरतात. सप्लाय उघडला, तेव्हा दोन कपॅसिटरची टोपणे फुगलेली दिसली. नवा एसएमपीएस (स्विचिंग प्रकारचा पॉवर सप्लाय) एकच मोठा घ्यावा का?

उत्तर २
दोन वेगळे घ्या: एक कंट्रोल व एन्कोडरसाठी, दुसरा ब्रेक, सोलेनॉइड आणि रिले यांसाठी. प्रत्येक डीसी कॉइलवर उलटा डायोड लावा, म्हणजे ती सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका लाइनमध्ये पसरणार नाही. झेडचा ब्रेक सर्व्हो रेडी (ड्राइव्ह तयार असल्याच्या) सिग्नलशी अशा रीतीने जोडा, की इमर्जन्सी दाबल्यावर ब्रेक आधी धरेल आणि ड्राइव्ह नंतर सुटेल. क्रम उलटा झाला तर हेड खाली सरकते. पहिल्या चाचणीच्या वेळी हेडखाली लाकडी ठोकळा ठेवावा.