एका कानाने ऐकू येत नाही, वसंतात कुमाऊंला पक्षी बघायला जाऊ का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. वय ६१, चार वर्षांपूर्वी पक्ष्यांचं वेड लागलं. आजवर घाटातले आणि माळावरचेच पाहिलेत. आता पहिल्यांदा हिमालयात जायचं ठरतंय: कुमाऊंतलं सातताल, पंगोट आणि शेवटी शेजारच्या गढवालातलं चोपटा, गाईडबरोबर, सहा दिवस. आयोजक दोन तारखा देतायत, मार्चचा शेवटचा आठवडा किंवा एप्रिलचा.

माझी अडचण वेगळीच आहे. उजवा कान जवळपास गेलाय, डाव्यात मशीन आहे. आवाज आला तरी कुठून आला ते कळत नाही. सगळे 'तो बघा, वटवट्या बोलतोय' म्हणतात आणि मी नुसती मान हलवते. वसंतात तिकडे निम्मे पक्षी कानानेच सापडतात म्हणे. मी ग्रुपला ओझं होईन का? गाईडला आधी काय विचारू?

प्रतिसाद १

ताई, ओझं अजिबात होणार नाही. जा. फक्त गाईड पारखून घ्या. मी कुमाऊं-गढवालला वसंतात सहा वेळा गेलोय, त्यातल्या दोन खेपा चुकीच्या माणसाबरोबर वाया गेल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

तारखांचं म्हणाल तर मला एप्रिलचा मधला आठवडा सगळ्यात आवडतो. सातताल १,३०० ते १,४०० मीटरवर, पंगोट दोन हजारांच्या आसपास आणि चोपट्याच्या वरचं तुंगनाथ ३,६८० मीटरवर. वसंत खालून वर चढत जातो आणि पक्षी त्याच्या मागोमाग. मार्चअखेर साततालला चंगळ असते, पण चोपट्याला बर्फ असू शकतं. एप्रिलअखेर चीडाच्या जंगलात वणवे लागले तर दऱ्या धुराने भरतात आणि समोरचा उतारही धूसर होतो. तरीही दोनातली एकच निवडायची तर एप्रिल घ्या. आपल्या सह्याद्रीत हिवाळाभर गुमान बसणारा व्हर्डिटर फ्लायकॅचर तिकडे विजेच्या तारेवर बसून मोकळ्या गळ्याने गात असतो. ब्लू-कॅप्ड रॉक थ्रशचंही तेच. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला त्याच्या घरी जाऊन भेटल्यासारखं वाटतं, त्यासाठीच मी परत परत जातो.

आता कानाचं. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात. गोल्डक्रेस्ट, ट्रीक्रीपर या चिमुकल्या पक्ष्यांचे आवाज धडधाकट कानाच्या साठीतल्या माणसांनाही पुष्कळदा ऐकू येत नाहीत, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. पण पहाडातले कितीतरी आवाज जाडे आणि खणखणीत असतात. ग्रेट बार्बेट दरीच्या पलीकडून साद घालतो. कोक्लास हा रानकोंबडीसारखा पक्षी पहाटे अंधारातच ओरडतो. इंडियन कक्कूचे चार सूर तर विसरताच येत नाहीत. आपण पावशाचं 'पेरते व्हा' ऐकतो ना, तसं कुमाऊंतली माणसं त्यात 'काफल पाको' ऐकतात, म्हणजे काफळ नावाची रानफळं पिकली. हे तुम्हाला ऐकू येतीलच.

दिशा मात्र गाईडने सांगायला हवी. 'तिकडे' म्हणून बोट दाखवणारा नको. 'लाल बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) डावीकडचं वाळकं खोड, त्याच्या शेंड्याखाली हातभर' असं सांगणारा हवा. त्याला सरळ सांगा, मला ऐकू येत नाही, मला झाड सांगा. आणि ग्रुप सहापेक्षा मोठा असेल तर जाऊ नका.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या लेखी हाच खरा: मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावता का? मे महिन्यातली गोष्ट. आम्ही अकरा जण होतो. गाईडने रस्त्याकडेच्या दरडीपाशी निल्टवा या छोट्या माशीमार पक्ष्याच्या नराचा आवाज लावला. नर लगेच आला. चोचीत हिरवी अळी, पिल्लांसाठी आणलेली. ती तशीच धरून तो स्पीकरभोवती फांद्या बदलत राहिला, छाती फुगवून, दुसऱ्या नराला शोधत. दरडीतल्या शेवाळाच्या भोकाशी मादी दोनदा येऊन परत गेली. वीस मिनिटं हे चाललं. सगळ्यांना फोटो मिळाले. मीही काढला, तो नंतर पुसून टाकला. अळी शेवटपर्यंत त्याच्या चोचीतच होती. त्या दिवसापासून आवाज वाजवणाऱ्याबरोबर मी पाऊल टाकत नाही.

चांगला गाईड काय करतो? सकाळचं पहिलं ऊन ज्या उतारावर पडतं तिथे घेऊन जातो आणि बसवतो. ऊन आलं की किडे हलतात, किडे हलले की पक्षी उतरतात. डोळ्यांनी बघणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी बराचसा सहमत आहे, पण एक भर घालतो. साततालला 'स्टुडिओ' म्हणून ओळखला जाणारा ओहोळ आहे, पक्षी तिथे पाणी प्यायला, अंघोळीला आपणहून येतात. दोन तास शांत बसलात तर आवाज वाजवायची गरजच पडत नाही. दाणे टाकून बसवलेल्या हाइडमध्येही (लपून बघायच्या आडोशात) मी फोटो काढलेत, खोटं का बोलू. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती सोय मोठी आहे.

प्रतिसाद १

ओहोळाला माझी पूर्ण पसंती. दाण्यांच्या हाइडला नाही. चार दिवस दाणे घातलेला लाफिंग थ्रश माणसाच्या पायाशी येतो, फोटो छान मिळतो, पण तो पानं उलटून किडे कसा शोधतो ते बघायचंच राहून जातं.

प्रतिसाद ३

ताई, मीही मशीनवाली. नेहमीच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करणारी सोय पक्ष्यांचे आवाजही दाबून टाकू शकते. जाण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी असतो तसा प्रोग्रॅम घालून घ्या, मला फार फरक पडला. दुसरं, मर्लिन ॲप. ते आजूबाजूचे आवाज ऐकून कोण बोलतंय त्याचं नाव पडद्यावर दाखवतं. नुसतं ऐकतं, वाजवायचं काही नाही. चुकतंही, पण निदान कोणाला शोधायचं ते कळतं. जंगलात रेंज नसते, भारताचा पॅक घरूनच उतरवून न्या.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आयोजकांना फोन करून दोन्ही प्रश्न विचारले. 'आवाज लावल्याशिवाय लोकांना पक्षी दिसत नाहीत हो,' असं उत्तर आलं. तिथलं बुकिंग सोडलं. पंगोटजवळच्या गावातल्या एका गाईडशी बोलणं झालंय, १२ एप्रिलपासून, आम्ही चौघीच. ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, 'कुठल्या बाजूचा कान चांगला आहे? म्हणजे मी त्या बाजूने चालेन.'