मदत हवी आहे: सभागृहातलं गोरज लग्न फिल्मवर, फ्लॅश की पुश?

नमस्कार मंडळी. कॅमेरा पेंटॅक्स के१०००, ५० मिमी लेन्स, फिल्म पोर्ट्रा ८०० (रंगीत निगेटिव्ह). स्टेजवर इन्सिडंट मीटर (पडणारा प्रकाश मोजणारा) लेन्सच्या एफ/२ छिद्राला १/६० सेकंद शटर दाखवतो. साखरपुड्याला एवढं पुरतं, कारण अंगठी घालताना हात क्षणभर स्थिर असतात. खरी अडचण अंतरपाट दूर होतानाची: १/६०ला अक्षता दाणे न दिसता रेघा होतात. त्या थिजवायला १/२५० लागेल, म्हणजे दोन स्टॉप कमी पडतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

दोन स्टॉप पुश केलं (कमी प्रकाशात टिपून डेव्हलपिंग वाढवलं) तर कॉन्ट्रास्ट वाढतो, पण फिल्मवर न पोचलेला सावलीतला तपशील परत येत नाही. मुंडावळ्यांखालचे डोळे काळे पडतील ही धास्ती आहे. फ्लॅश लावला तर सिंक, म्हणजे फ्लॅशशी जुळणारा सर्वांत वेगवान शटर, १/६०च. फ्लॅशच्या क्षणिक झोतात अक्षता थिजतील, पण स्टेजच्या पिवळ्या दिव्यांशी रंग जुळवायला फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) हवी. त्याऐवजी लेन्सवर पिवळेपणा काढणारा निळा ८०ए फिल्टर लावायचा तर आणखी दोन स्टॉप गेले, तो बादच.

‘तदेव लग्नं’ सुरू होण्याआधीच नवा रोल भरायचा हे पक्कं, जुन्यात आठ फ्रेम उरल्या तरी.

विचारायचं ते हे: जेल लावलेला फ्लॅश छतावरून बाउन्स करून कुणी मंगलाष्टकं टिपली आहेत का? छत किती उंच असेपर्यंत प्रकाश पुरतो? आणि पोर्ट्रा ८०० दोन स्टॉप पुश केल्यावर शालूचा पिवळा रंग कसा येतो? निगेटिव्हचे स्कॅन दाखवलेत तर फार मदत होईल.