तुळशीवरची तांदळाएवढी माशी: फोटोवरून नाव सांगता येईल का?

पाचपाखाडीची गॅलरी
नमस्कार मंडळी. ठाण्यात पाचपाखाडीला तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत 9 कुंड्या आहेत, त्यातली तुळस सध्या मंजिऱ्यांनी लगडलीय. सकाळी दहाच्या सुमारास ऊन आलं की तिच्यावर एक इवलीशी माशी येते. हवेत टांगल्यासारखी एका जागी थांबते आणि मोबाइल पुढे केला की गायब. आधी मधमाशीचं पिल्लू वाटलं. (हसू नका, मधमाशीचं पिल्लू उडत नसतं हे नातवाने नंतर सांगितलं.) फोटो मोठा करून पाहिला तर पंख दोनच. मधमाशीला चार हवेत. म्हणजे ही हॉवरफ्लाय, एवढं मी ठरवलं.

दोन दिवसांत 61 फोटो काढले. 54 नुसत्या तुळशीचे आले. उरलेल्यांतले 3 बरे टाकलेत. अॅपने क्षणात ‘एपिसिर्फस बाल्टिएटस’ सांगितलं. मी पाठसुद्धा केलं, पण मन मानेना. ती माशी धट्टीकट्टी दिसते, माझी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी.

येऊरची पायवाट
ताई, मन मानलं नाही तेच बरोबर. बाल्टिएटस सेंटीमीटरभर असते, पोटावर प्रत्येक नारिंगी भागात काळ्याची एक जाड नि एक बारीक पट्टी. तुमची पॅरॅगस वाटते. वंशाचं नाव सांगतोय, जातीचं नाही. तिन्ही फोटो पाठीवरून आहेत, देखणे आहेत, पण उपयोगाचे नाहीत. मला डोळे दाखवा. पॅरॅगसच्या एका गटात डोळ्यांवरच्या बारीक केसांचे दोन उभे पांढुरके पट्टे दिसतात. आणि छातीच्या मागच्या टोकाचा अर्धगोल तुकडा, स्क्युटेलम, त्याची कड करवतीसारखी दातेरी आहे का तेही पाहा. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असले तर नर.

खारघर_माळी
छातीच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी रेघ असती तर मी इस्किओडॉन (हॉवरफ्लायचाच दुसरा वंश) म्हटलं असतं, आमच्याकडे रुईवरच्या पिवळ्या माव्यापाशी ती हमखास असते. इथे रेघ नाही. ताई, कुंडीत चवळी किंवा वाल आहे का? मावा पडलाय का?

पाचपाखाडीची गॅलरी
आहे ना! चवळीच्या शेंड्यावर काळा मावा. त्यात बिनपायाची, गोगलगाईसारखी वळवळणारी हिरवट अळी होती. आमचे हे साबणाचं पाणी घेऊन तयारच होते.

खारघर_माळी
बाटली खाली ठेवायला सांगा. तीच या माशीची अळी असणार, मावा खाते. शेतीवाले तिला सिरफिड माशीची अळी म्हणतात आणि मारत नाहीत. माव्यासकट शेंडा खुडून झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवा. थेंबासारखा कोश होईल.

पाचपाखाडीची गॅलरी
आज सकाळी नातवाची भिंगाची क्लिप मोबाइलला लावून बाजूने एक फोटो साधला. डोळ्यांवर दोन पट्टे आहेत! डोळे वर टेकलेले, म्हणजे नर. दातेरी कड मला दिसते, ह्यांना दिसत नाही.

येऊरची पायवाट
मलाही दिसते. तर पॅरॅगस, आणि त्यातही पट्टेदार डोळ्यांचा गट, नर. इथे थांबू. जात ठरवायला नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, फोटोवरून कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. नोंदीत ‘पॅरॅगस’ एवढंच लिहा. अर्धं नाव खोट्या पूर्ण नावापेक्षा कामाचं.

पाचपाखाडीची गॅलरी
बरणीतला कोश आठव्या दिवशी फुटला. पण माशी नाही, मुंगीएवढी बारीक, कंबर चिमटलेली काळी चीज निघाली. पंख चार, मोजले.

खारघर_माळी
अरेरे. ती परजीवी गांधीलमाशी. अळी जिवंत असतानाच आत अंडं घातलेलं असणार.

पाचपाखाडीची गॅलरी
बरं. आता हिचा फोटो कुठल्या बाजूने काढू?