शेजारी बोलत नाहीत, चिठ्ठी लावतात: जर्मनीत रुळायचे कसे?

मंगळवारपेठकर:

नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एका फौंड्रीत अकरा वर्षे गुणवत्ता विभागात काम केल्यानंतर गेल्या नोव्हेंबरमध्ये पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात आलो. कामाची अडचण नाही. कास्टिंगमधला ब्लो होल (ओतीव धातूत वायूमुळे राहिलेले छिद्र) इथेही ब्लो होलच असतो आणि त्याबद्दल बोलायला फारशी भाषा लागत नाही. अडचण सुरू होते ती संध्याकाळी इमारतीचा जिना चढताना.

पहिल्याच महिन्यात आमच्या दाराच्या मुठीला कोणीतरी लाकडी पाटी अडकवून ठेवली. ती कसली तरी जाहिरात असावी असे समजून मी ती काढून चपलांच्या कपाटावर ठेवली. आठवड्याने दारावर चिठ्ठी आली. भाषांतर करून पाहिल्यावर कळले की जिना झाडण्याची पाळी आमची होती, पाटी तिचीच खूण होती आणि ती आम्ही पुढच्या घराला न दिल्यामुळे संपूर्ण इमारतीचा क्रम अडला होता. दुसरी चिठ्ठी रविवारी दुपारी काचेच्या बाटल्या चौकातल्या टाकीत टाकल्याबद्दल. तिसरी जानेवारीत, आमच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दल आणि खिडक्या उघडण्याबद्दल. या तिसऱ्या चिठ्ठीनंतर पत्नीने चटणीची फोडणी बंदच केली आहे. आईने उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची चटणी डब्यात तशीच पडून आहे आणि आम्ही उकडलेल्या बटाट्यांवर मीठ घालून खात आहोत. फोनवर आई विचारते तेव्हा मी खोटे सांगतो.

माझा प्रश्न असा की, हे लोक आमच्यावर नाराज आहेत का? पेठेत कोणाला काही खटकले तर तो कट्ट्यावर तोंडावर बोलतो, वेळप्रसंगी आवाज चढवतो आणि दुसऱ्या दिवशी चहाला हाक मारतो. इथे जिन्यात भेटल्यावर हसून अभिवादन करायचे आणि पाठीमागे कागद लावायचा, हे मला समजत नाही. घर बदलावे का, असाही विचार मनात येतो. पत्नी दिवसभर घरात एकटी असते, मुलगी सप्टेंबरमध्ये शाळेत जाईल. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

रंकाळा ते नेकार:

दादा, मी राजारामपुरीची. याच भागात मला बारा वर्षे झाली आणि पाटी कपाटावर ठेवणारे आपण पहिले नाही. आमच्याकडे ती मुलाने खेळायला घेतली होती.

त्या प्रथेला ‘केअरवोखे’ म्हणतात, म्हणजे झाडण्याचा आठवडा. ही खास या श्वाबियन भागाची रीत असून तिचा इतिहास पंधराव्या शतकापर्यंत मागे जातो. श्टुटगार्ट शहरात तर १९८८ पर्यंत तो नगरपालिकेचा नियमच होता. आता तो बहुतेक ठिकाणी भाडेकराराचा भाग म्हणून टिकून आहे. आपला करार काढून पाहा, त्यात हे कलम असेलच. साधारणपणे लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना येतो, तर मोठ्या पाळीत तळघर, अंगण आणि इमारतीपुढची पायवाट. हिवाळ्यात पायवाटेवरचा बर्फ लोक कामाला निघण्याआधी काढावा लागतो, कारण कोणी घसरून पडले तर जबाबदारी अंगावर येते. आठवडा संपताना पाटी पुढच्या दाराला लावायची. जिना आधीच स्वच्छ दिसत असला तरी झाडायचा, हे मात्र मला अजूनही पटलेले नाही.

आता चिठ्ठीबद्दल. आपण तिला पाठीमागून केलेला वार समजत आहात. माझ्या अनुभवात इथल्या लोकांना ती मवाळ वाट वाटते. दार वाजवून तोंडावर सांगणे म्हणजे न कळवता दुसऱ्याच्या घरात शिरणे, अशी त्यांची समजूत असते, आणि ज्याला भाषा नवीन आहे त्याला कागद सावकाश वाचता येतो. खरोखर राग असता तर पत्र आपल्याला न येता थेट घरमालकाला गेले असते. या देशात बहुतेक गोष्टी कागदावरूनच चालतात. घर बदलल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा, त्यानंतर करक्रमांक टपालाने येतो, आणि मग एक दिवस रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्र येते: दर घराला महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ती फसवणूक समजून अनेक नवखे ते पत्र फेकून देतात आणि मग दंडासह दुसरे येते. कोणतेही पत्र न वाचता टाकू नका.

बाटल्यांचे सोपे आहे. त्या टाकीत काच आपटल्याचा आवाज होतो आणि रविवार हा इथे शांततेचा दिवस आहे. त्या दिवशी ड्रिल मशीनही चालवायचे नसते. रोज रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेलाही तेच लागू.

वासाची गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण त्या चिठ्ठीत अर्धा भाग खिडक्यांचा आहे आणि तो अर्धाच अधिक महत्त्वाचा आहे. कोल्हापुरातली आपली घरे स्वतःच श्वास घेतात. दारे-खिडक्यांना फटी असतात आणि वर्षातले बहुतेक दिवस त्या उघड्याच असतात. इथल्या खिडक्या थंडी अडवण्यासाठी इतक्या घट्ट बसवलेल्या असतात की भात शिजवल्याची, अंघोळीची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची सगळी वाफ आतच कोंडते, थंड भिंतीवर पाणी होऊन बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बुरशी धरली की घर सोडताना अनामतीतून पैसे कापण्यावरून वाद होतो. आणि ही अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटे वारा आरपार जाऊ द्यायचा. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याचा उपयोग होत नाही, उलट भिंत गार पडते. फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लावून घ्या, जिन्याकडचे दार उघडून हवा घालवू नका. आपल्या शेजाऱ्यांना बहुधा नेमका तोच त्रास झाला असावा. वहिनींना सांगा, चटणी सुरू करा. बारा वर्षांत माझ्या घरी रविवारी तांबडा-पांढरा कधी चुकलेला नाही. बकऱ्याचे मटण सहसा मिळत नाही, पण तुर्की खाटकाकडे मेंढीचे उत्तम मिळते.

यंत्रमाग:

मी इचलकरंजीचा, सध्या म्युनिकमध्ये. ताईंचे बरेचसे म्हणणे मान्य करूनही एक गोष्ट लिहावीशी वाटते. प्रत्येक चिठ्ठी सभ्यतेतून येते असे नाही. आमच्या पहिल्या घरी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आम्ही गावाला गेलेलो असतानाही आमच्या आवाजाबद्दल तक्रार करत होते. नियम मोडला असेल तर तो सुधारावा. मोडलेला नसेल तर माफी मागत फिरू नये. सगळे कागद तारखेनुसार फाइलला लावून ठेवावेत आणि शहरातल्या भाडेकरू संघाचे सभासद व्हावे. वर्षाची वर्गणी भरली की तिथे कायद्याचा सल्ला मिळतो. घर बदलण्याची घाई मात्र करू नका. सोडण्याची सूचना साधारण तीन महिने आधी, आणि तीही सहीच्या पत्राने द्यावी लागते, शिवाय श्टुटगार्टच्या परिसरात दुसरे घर सहज मिळत नाही.

शाहूपुरी सहावी गल्ली:

चिरंजीव, मी निवृत्त होऊन आता कोल्हापुरात असतो. नोकरीची नऊ वर्षे उल्म शहरात काढली. जिना आणि खिडक्या यांबद्दल वर सांगून झाले आहे. मला आपल्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदातले, घाईघाईने उरकलेले एक वाक्य खटकले: ‘पत्नी दिवसभर घरात एकटी असते.’ माझ्याही घरी तेच झाले होते आणि मला ते दुसऱ्या हिवाळ्यात कळले. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, मी सहाला येत असे, आणि कोल्हापूरला फोन करावा तर तिथे रात्रीचे साडेदहा वाजलेले असत. (थंडीत फरक साडेचार तासांचा असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे गेली की साडेतीन तासांचा होतो.)

सूनबाईंना भाषेच्या वर्गाला घाला, आणि तोही घरबसल्या मोबाइलवरचा नको. सरकारी एकात्मता वर्गात सामान्यतः ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख असा अभ्यासक्रम असतो. प्रवेशाची चौकशी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात करा. त्या वर्गात सीरिया, युक्रेन, तुर्कस्तान अशा ठिकाणच्या बायका भेटतात. माझ्या पत्नीची पहिली मैत्रीण अंकाराची होती आणि दोघींचे जर्मन सारखेच मोडके असल्यामुळे त्यांचे उत्तम जमले. एक सूचना: वर्गात शिकवतात ते जर्मन जिन्यात ऐकू येत नाही. श्वाबियन लोक प्रत्येक नामाला ‘ले’ लावतात आणि निम्मी अक्षरे गिळतात. पुण्यात छापलेल्या पुस्तकावरून मराठी शिकलेला माणूस थेट गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभा राहिला तर त्याचे जे होईल तेच आपले तिथे होते. त्यामुळे न कळल्याचा अपमान वाटून घेऊ नये.

दुसरे असे की, आपण पेठेतले असूनही गावात तालीम मंडळ शोधले नाहीत याचे मला आश्चर्य वाटते. जर्मनीतल्या लहानातल्या लहान गावात ‘फेराइन’ असते, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. फुटबॉलचे, गाण्याचे, डोंगर चढण्याचे, बागकामाचे. त्याला वर्गणी असते, वार्षिक सभा असते, जत्रेत स्टॉल असतो आणि शेजारच्या गावाशी वैरही असते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ असा फुटबॉलचा सामना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मी चाळिशीत ज्येष्ठांच्या संघात नाव घातले. खेळ यथातथाच, पण सामना संपल्यावर मैदानाच्या जाळ्या आवरायला थांबत असे. सहा महिने मला कोणी घरी बोलावले नाही. सातव्या महिन्यात एकाने घराचे रंगकाम काढले आणि शनिवारी मदतीला येतोस का असे विचारले. तिथे ओळख गप्पांतून होत नाही, बरोबर काम केल्याने होते. मुलीलाही लहान मुलांच्या संघात घाला; शाळेआधी चार ओळखीचे चेहरे होतील.

शाळेचे एक आत्ताच लक्षात ठेवा. तिथे शाळा सक्तीची आहे आणि भावकीतल्या लग्नासाठी मे महिन्यात मुलीला शाळेच्या परवानगीशिवाय तीन आठवडे उचलून नेता येत नाही, दंड होतो. कोल्हापूरला यायचे ते सुट्ट्यांत, आणि उन्हाळी सुट्टी तिथे जुलैअखेर ते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला बसले, म्हणजे सुट्टीत सापडले. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि शाळाही त्याच दिवशी उघडते. आईंना हे आजच सांगून ठेवा, म्हणजे त्या वाट पाहत बसणार नाहीत.

मंगळवारपेठकर:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात पाटी पुन्हा आमच्याकडे आली होती.

भाडेकरार काढून पाहिला. कलम सातव्या पानावर होते आणि मी त्याखाली सही केलेली आहे. शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी जिना झाडून पुसून घेतला. रविवारी संध्याकाळी पाटी वरच्या मजल्यावर लावायला गेलो, तेव्हा तिथल्या आजीबाईंनी दार उघडले. चिठ्ठ्यांचे अक्षर त्यांचेच असावे असा मला आधीपासून संशय होता. त्यांनी पाटी घेतली, जिन्याकडे पाहिले आणि सावकाश, मला कळेल अशा जर्मनमध्ये सांगितले की कठड्याच्या खालच्या दांडीवरची धूळ राहिली आहे. कागद न लावता त्या तोंडाने बोलल्या, एवढ्यानेच मला बरे वाटले, हे पत्नीला सांगितले तेव्हा ती हसली. नोव्हेंबरपासून ती क्वचितच हसली आहे.

भाषेच्या वर्गासाठी अर्ज दिला आहे. मुलीचे नाव गावातल्या फुटबॉल मंडळात घातले, सराव दर गुरुवारी असतो. काकांचे वाक्य वाचल्यावर पत्नीशी जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही, पण ते व्हायला हवे होते.

एक व्यावहारिक शंका राहते. चटणी पुन्हा सुरू झाल्यामुळे डबा मेअखेर संपेल. आई म्हणते की नव्या चटणीबरोबर घरचे तूप आणि पेढेही टपालाने पाठवते. चालेल का?

रंकाळा ते नेकार:

तूप आणि पेढे अजिबात नकोत. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही, टपालाने किंवा सामानात, आणता येत नाहीत. सापडले की नष्ट करतात. कोरडी चटणी चालते. पार्सलवर भेट म्हणून लिहून किंमत ४५ युरोंच्या आत राहील असे पाहा, म्हणजे जकात लागत नाही, आणि आत काय आहे ते इंग्रजीत स्पष्ट लिहायला सांगा. दुहेरी पिशवीत बांधून मगच डब्यात भरावी. माझे एक पार्सल फुटले होते आणि टपाल घेऊन आलेला मुलगा दारात शिंकतच उभा होता.