पोट नाजूक असलेल्या कुत्र्याला जंताचं औषध कोणतं द्यावं?

वावरातली (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. प्रश्न आमच्या भुऱ्याचा आहे. गावठी कुत्रा, पोळ्याला पाच वर्षांचा झाला. तूर फुलावर आली की रात्रीची जागल खरं तर तोच करतो. आमचे हे मचाणावर असतात, पण रोही धुऱ्यावर आले की पहिला आवाज भुऱ्याचा.

पोट मात्र पिल्लू होता तेव्हापासून कच्चं. दूध पाजलं की ढाळ. दिवाळीत पाहुण्यांनी सावजी रस्सा माखलेली पोळी टाकली, तर दोन दिवस गवत खाऊन ओकत होता. त्याला सोसतं ते ज्वारीच्या कण्या, बिनतिखटाचं पातळ वरण आणि कधीतरी उकडलेलं अंडं.

मागच्या उन्हाळ्यात शेळ्यांना पाजतात ते पांढरं पातळ औषध एकाने आणून दिलं. "कुत्र्यालेही हेच चालते" म्हणाले. मी अंदाजानं पाजलं. संध्याकाळपासून ओकाऱ्या, सकाळी ढाळ आणि त्यात रक्त. चार दिवस तोंडात काही घेतलं नाही. पाचव्या दिवशी कण्यांचं पाणी चाटलं तेव्हा माझ्या जीवात जीव आला. तेव्हापासून त्याला औषध द्यायचं म्हटलं की मला धीर होत नाही.

आता आठ दिवसांपासून शेपटीखालच्या केसांना भाताच्या शितासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसतं. ताजं असलं की हलतं. वाळलं की तिळासारखं पिवळट होऊन त्याच्या पोत्यावर पडलेलं सापडतं. बूड घासत चालतो. जेवण नेहमीसारखं आहे, पण बरगड्या दिसायला लागल्या.

माझी मुलगी सहा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्याच्या गळ्यात पडते. तिला शाळेत जंतनाशक दिनाला गोळी मिळते, तर शेजारी म्हणतात तशीच एक आणून अर्धी भुऱ्याला द्या. दुसरे म्हणतात बैलाच्या इंजेक्शनाचे दोन थेंब पोळीवर टाका. सासूबाई पळसपापडी सांगतात. मेडिकलवाल्याने तीन वेगवेगळ्या गोळ्या समोर ठेवल्या.

कोणती घ्यावी? रिकाम्या पोटी की जेवणावर? निम्मी आज, निम्मी उद्या दिली तर पोटाला सोपं जाईल का? पशुवैद्यकीय दवाखाना 14 किलोमीटरवर आहे आणि कापसाची वेचणी चालू आहे. एक चक्कर जमवीन, पण ती वाया जायला नको म्हणून आधी विचारते.

तुरीवाला_आर्णी

आमच्याकडे सगळे बैलाचंच इंजेक्शन थोडं पाजतात. आजवर काही झालं नाही. इतका विचार कायले करता ताई.

शेळीवाला_दारव्हा

आर्णीवाले भाऊ, असं नोका सांगू. माह्या घरी झालं हाय म्हणून लिहितो. नागपूरहून आणलेला केसाळ कुत्रा होता, मेंढरं वळणाऱ्या विलायती जातीचा संकर. गोचीड लय झाले म्हणून ढोराचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे तेच बैलाचं इंजेक्शन, म्या माह्या हातानं देल्लं, अंदाजानंच. रातच्याले लाळ गळू लागली. चालताना तोल जाये, भिंतीले धडके. डोळे उघडे, बुबुळं मोठी झालेली, पण त्याले दिसत नव्हतं. डॉक्टर आले, सलाईन लावलं, म्हणाले यावर उतारा नाही, अंगातून निघेपर्यंत सांभाळाचं. तिसऱ्या दिवशी गेला. चूक माहीच होती.

ते औषध ढोराच्या वजनाच्या हिशेबानं केलेलं असते. 50 किलोले 1 मिली. आता 15-17 किलोच्या कुत्र्याले थेंबानं कसं मोजाल? थेंब कोणाचा लहान, कोणाचा मोठा. नोका देऊ ताई.

अकोल्याचा_पशुवैद्य (निवृत्त)

दारव्ह्याच्या भाऊंनी लिहिलं ते अगदी खरं आहे. मेंढपाळ कामाच्या काही विलायती जातींमध्ये आनुवंशिक दोष असतो. त्यामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरतं आणि थोड्या मात्रेनंही विषबाधा होते. गावठी कुत्र्यात हा दोष सहसा नसतो, पण मात्रा जास्त झाली तर गावठीही वाचेलच असं नाही. त्यातून ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आयव्हरमेक्टिन नाहीच. त्याचा चपट्या जंतावर काही परिणाम होत नाही.

ताई, तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलं आहे की न पाहताही बरंच कळतं. हलणारं शीत आणि वाळल्यावर तीळ, म्हणजे चपट्या जंताचे तुकडे. कुत्र्यात यातला नेहमीचा जंत डायपिलिडियम. तो पिसवांमधून येतो. पिसूची अळी जंताची अंडी खाते. अळीची पिसू झाली की कुत्रा अंग चावताना ती गिळतो, आणि तीनेक आठवड्यांत नवे तुकडे पडू लागतात. म्हणून भुऱ्याच्या अंगावर पिसवा आहेत का, हे आधी बघा. मागच्या पायांच्या मधले केस उलटे करून पाहा. काळी भुकटी दिसली तर ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. तांबूस डाग उमटला की ती पिसवांची विष्ठा समजा.

या जंतावर औषध प्राझिक्वांटेल. मात्रा वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅम, एकाच वेळी. निम्मी आज, निम्मी उद्या असं करू नका. जंताला एका दमात पुरेशी मात्रा मिळाली पाहिजे. तीन दिवस विभागून देतात ते फेनबेंडाझोल, पण डायपिलिडियमवर त्याचा भरवसा नाही. मेडिकलवाल्याने दाखवलेल्या गोळ्यांवरची घटकांची नावं वाचा. प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल ही तिन्ही असतील तर चपटे, गोल आणि आकडी जंत एकाच गोळीत येतात. पायरँटेल आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून ते पोटाला बरंच सौम्य. नुसतं पायरँटेल मात्र तुमच्या कामाचं नाही.

शाळेतली गोळी अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची असते. मुलांना ती चांगली, कुत्र्याला नको. कुत्र्यात तिने हाडाच्या मगजावर परिणाम होऊन रक्तपेशी कमी होऊ शकतात. शेळ्यांच्या पांढऱ्या औषधातही बहुतेक वेळा हाच घटक असतो, तोही शेळीच्या मात्रेत. बाटली अजून घरात असेल तर तिच्यावरचं नाव डॉक्टरांना दाखवा.

पळसपापडीला आपल्याकडे जुना मान आहे आणि सासूबाई मायेनंच सांगत असणार. पण ती आतडं खवळवते, जास्त झाली तर उलट्या-जुलाब होतात. ज्याचं पोट आधीच हळवं आहे त्याला ती देऊ नये. कोणी लसूण सांगितला तर तोही नको, कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

चक्कर वाया जाऊ नये म्हणता, तर सकाळची ताजी विष्ठा घेऊन जा. छोट्या झाकणाच्या डबीत, मातीला लागलेला भाग सोडून. सोबत ते शितासारखे तुकडे वेगळे न्या. हे महत्त्वाचं आहे. चपट्या जंताची अंडी तुकड्याच्या आतच राहतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठेत बऱ्याचदा काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. सारखे ढाळ होणाऱ्या कुत्र्यात जिआर्डिया (आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा परजीवी) किंवा चाबूक जंतही असू शकतात. ज्याला आपण नाजूक पोट म्हणतो ते कधी कधी यांचंच काम असतं. तपासणी करूनच घ्या.

वावरातली

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. पिसवा आहेत. काळी भुकटी फडक्यावर टाकली, तांबूस डाग आला. तो गोठ्यात कुटाराच्या ढिगाजवळ झोपतो, तिथेच असणार.

दोन गोष्टी राहिल्या. वजन किती धरायचं? मी 20-22 किलो समजत होते. आणि माझ्या मुलीला काही होईल का? रात्रभर तेच डोक्यात आहे.

सेमिनरी_हिल्सजवळची (नागपूर)

ताई, वेचणी चालू आहे म्हणजे बायांचा कापूस मोजायचा काटा घरीच असेल ना? भुऱ्याला जाड चादरीत गाठोड्यासारखा घ्या, डोकं बाहेर ठेवा आणि काट्याला लावा. नंतर चादरीचं वजन वजा करा. मी माझ्या तिन्ही गावठी कुत्र्यांना असंच मोजते. अंदाज नेहमी जास्तीचा निघतो.

गोळी कुटून जेवणात मिसळू नका. प्राझिक्वांटेल कडू असतं. जिभेला लागलं की तोंडाला फेस येतो, कुत्रा सगळं थुंकतो आणि पुढच्या वेळी ताटाकडेही बघत नाही. नेहमीचं जेवण निम्मं द्या, मग गोळी अंड्याच्या पिवळ्या बलकात गुंडाळून जिभेच्या मुळाशी ठेवा, वरून उरलेलं जेवण. उपाशी ठेवायची गरज नसते. त्या दिवशी नवीन काही खाऊ घालू नका, लाडानंही नाही. एरवी पोट बिघडलं तर दोष औषधाचा की खाण्याचा, हे कळतच नाही.

अकोल्याचा_पशुवैद्य (निवृत्त)

नागपूरच्या ताईंचं सगळं बरोबर. तासाभरात ओकला आणि ओकारीत गोळी दिसली तर स्वतःहून दुसरी देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. गोळीनंतर जंत पडलेले दिसले नाहीत तरी घाबरू नका. प्राझिक्वांटेलने चपटा जंत आतड्यातच विरघळतो, विष्ठेत बहुधा काही दिसत नाही.

मुलीबद्दल. हा जंत माणसाला व्हायला जंताचं पोर पोटात असलेली पिसू गिळली जावी लागते. लहान मुलांत क्वचित होतं आणि त्यावर साधा उपचार आहे. मला जास्त काळजी गोल आणि आकडी जंतांची वाटते. गोल जंताची अंडी ताज्या विष्ठेत लगेच बाधत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे राहिली की बाधतात. म्हणून अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरा. आकडी जंताची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरते. पायावर खाजणारी वाकडीतिकडी लाल रेघ दिसली तर मुलीला दवाखान्यात दाखवा. चपला, आणि जेवणाआधी साबणानं हात, एवढं पाळा. भुऱ्याच्या गळ्यात पडू द्या तिला, तोंड चाटू देऊ नका.

अजून एक. गावात बकरं कापलं की काळीज-फुप्फुसाचे कच्चे तुकडे कुत्र्यांना टाकतात. पाण्याच्या फोडांसारख्या गाठी असलेलं काळीज तर मुळीच टाकू देऊ नका. त्यातून कुत्र्याला दुसरा एक बारीक चपटा जंत होतो. त्याचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते.

वावरातली

तेवीस दिवसांनी लिहिते आहे, वेचणीत वेळच मिळाला नाही.

काट्यावर भुऱ्या 16 किलो 400 ग्रॅम भरला. मी 22 धरून चालले होते. चादरीत लटकवला तेव्हा एकदम गप्प झाला, माझ्याकडे बघत राहिला.

विष्ठा होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत नेली, तुकडे वेगळ्या डबीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून घेतलं. आकडी जंताची अंडी निघाली. जिआर्डिया, चाबूक जंत नाहीत. आकडी जंत रक्त पितात म्हणून हिरड्या फिक्या आहेत म्हणाले, बरगड्या दिसण्याचं एक कारणही तेच जंत. तुमचं तीन औषधांच्या गोळीचं सांगितलं, तर म्हणाले मी तीच लिहिणार होतो. दहा किलोला एक अशा हिशेबाने पावणेदोन गोळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कण्या निम्म्या घातल्या, गोळ्या अंड्याच्या बलकातून दिल्या, मग उरलेल्या कण्या. त्या दिवशी मी वावरात गेलेच नाही, दारात बसून होते. दुपारी एकदा पातळ झालं, रक्त नव्हतं. उलटी एकही नाही. संध्याकाळी वरण मागायला भांड्याशी येऊन उभा राहिला तेव्हा मला रडू आलं.

पिसवांसाठी डॉक्टरांनी कुत्र्याचं वेगळं औषध मानेवर लावलं. गोचिडावर मारायचं ढोराचं औषध त्याच्या अंगावर मारू नका असं बजावलं. त्याची पोती उकळत्या पाण्यात काढली, कुटाराचा ढीग हलवून खालची जमीन खरवडली, चार दिवस ऊन खाऊ दिलं. सासूबाईंनीच झाडलं ते सगळं. पळसपापडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेपटीखाली आता एकही शीत नाही. मुलीचे पाय रोज रात्री बघते, रेघ नाही. डॉक्टरसाहेब, पुन्हा कधी द्यायचं?

अकोल्याचा_पशुवैद्य (निवृत्त)

फार बरं वाटलं वाचून. आकडी जंतासाठी आता पुन्हा एकदा विष्ठा तपासून घ्या. अंडी दिसली तर डॉक्टर लगेच दुसरी मात्रा देतील. नाही दिसली तर दर तीन महिन्यांनी, दर वेळी नवं वजन करून. शितं परत दिसली तर औषध बदलायच्या आधी पिसवा शोधा. गोठ्यात कोष राहिलेले असतात, त्यातून नव्या निघतात. मानेवरच्या औषधाचा असर संपायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

वावरातली

लिहिली. गोठ्याच्या दारावर खडूनं, बैलांच्या लसीच्या तारखेखाली. डबी घेऊन सोमवारी जाते.