पहिलं वाक्य कशावर लिहिलंत?

निबंध आणि रजेचे अर्ज सोडून द्या. कुणी न सांगता, स्वतःहून लिहिलेलं पहिलं काहीही. ते कशावर लिहिलं, का लिहिलं आणि पुढे त्याचं काय झालं? छापून आलेलं असायची मुळीच अट नाही.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे दुधाचा हिशोब कालनिर्णयवर असतो. तारखेच्या चौकोनात 'एक लि.' नाहीतर 'खाडा'. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात 'खाडा'च्या खाली लिहिलं, 'आज दुपारचा चहा कुणी मागितला नाही.' मग रोज, चौकोनात मावेल तेवढंच. डिसेंबरात नवरा ते रद्दीत घालायला निघाला तेव्हा हातातून ओढून घेतलं. आता कपाटावर सहा गुंडाळ्या आहेत. चौकोन मोठा असता तर लिहिलंच नसतं बहुतेक.

निवृत्त कंडक्टर, लातूर
तिकिटांचा ट्रे आणि पंच होता तेव्हापासून मी एसटीत. सवलतीसाठी एका म्हातारीकडं कार्ड मागितलं, तर म्हणाली, "कार्ड काय बघतोस, मीच अर्धी उरलेय. अर्धंच दे." रात्री मुक्कामाच्या गाडीत झोप येईना, ते वहीत उतरवलं. मग सवयच लागली. परवा लेकीनं टाइप करताना 'म्हातारी'ची 'वृद्धा' केली. पुन्हा म्हातारी करायला लावली. वृद्धा असं बोलत नाही हो.

मालवणचा, सध्या ठाणे
नववीत निबंधात 'आये' लिहिलं. सरांनी लाल शाईनं गोल करून शेरा दिला, 'ही भाषा नव्हे.' त्यानंतर तीस वर्षं फक्त ऑफिसची पत्रं. दोन वर्षांपूर्वी गावचं घर विकलं. परतताना रेल्वेत मोबाइलवर लिहायला बसलो आणि खळ्यापाशीच अडलो. 'अंगण' लिहिलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं वाटायचं. शेवटी सगळं मालवणीतच लिहिलं. पहिलं वाक्य, 'आता खळा कोण सारवतला?' चिपळूण येईपर्यंत थांबलो नाही. भावाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही, रात्री फोन आला.

जळगावकर
बहिणाबाईंचं नाव इथे कुणीतरी घेणारच, म्हणून मीच घेते. अक्षरओळख नव्हती, घरच्यांनी गाणी उतरवून घेतली, पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. हे सगळे सांगतात. मला मात्र जातं आठवतं. हात फिरतो तशी ओवी चालते, धाप लागली की ओळही थांबते. माझ्याकडे मिक्सर! अर्ध्या मिनिटात चटणी तयार, त्यात ओवी कुठे बसवू? पोळ्यांवर जमलं. एक पोळी तव्यावर, एक ओळ तोंडात. ओला हात वहीला लावता येत नाही, म्हणून फोनवर रेकॉर्ड करते. त्यात माझ्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्या जास्त आहेत, पण आठ ओळी धड निघाल्या.

फक्त वाचक
माझं उलटं. आधी जाड पुठ्ठ्याची डायरी आणली, मग शाईचं पेन. पहिलं पान इतकं छान होतं की तीन महिने कोरंच राहिलं. नंतर मुलानं त्यात गणितं सोडवली. आज वरचं कालनिर्णयचं वाचून किराणाच्या यादीमागे दोन ओळी लिहिल्या. काय ते सांगणार नाही. यादी दुकानदाराकडेच राहिली, ती मागायला आता परत चाललेय.