इंजिन तापले की स्पार्क जातो आणि गाडी अचानक बंद पडते: दोष पल्सर कॉइलचा की सीडीआयचा? मदत हवी आहे

(पल्सर कॉइल म्हणजे इंजिन फिरताना स्पार्कच्या वेळेचा इशारा देणारी छोटी कॉइल; सीडीआय म्हणजे तो इशारा मिळताच स्पार्क घडवणारी इलेक्ट्रॉनिक डबी.) माझी मोटरसायकल १५० सीसीची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी, कार्बोरेटरची असून तिला १२ वर्षे झाली आहेत. गेला दीड महिना ती थंड असताना पहिल्या किकला सुरू होते, साधारण २५ मिनिटे उत्तम चालते आणि मग एकाएकी बंद पडते. दहा-बारा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू होते, पण त्यानंतर सात-आठ मिनिटांतच तीच अवस्था होते. मागच्या आठवड्यात पत्नी मागे बसलेली असताना, एका अवजड वाहनाच्या अगदी पुढे गाडी अशी मेली. तेव्हापासून मी ती रहदारीत नेणे थांबवले आहे.

पहिला संशय साहजिकच पेट्रोलवर होता. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले की टाकीत निर्वात पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरायचे थांबते आणि लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात. म्हणून झाकण सैल ठेवून गाडी चालवली, तरीही ती बंद पडली. त्याच क्षणी कार्बोरेटरच्या बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडला, तर पेट्रोलची चांगली धार आली. शिवाय पेट्रोल कमी पडू लागले की गाडी आधी आचके देते आणि चोक ओढल्यावर क्षणभर सावरते; माझ्या गाडीत यातले काहीच घडत नाही.

खरा धागा मीटरच्या काट्याने दिला. चौथ्या गिअरमध्ये गाडी बंद पडली तेव्हा मी क्लच दाबला नव्हता, म्हणजे मागचे चाक इंजिनाला फिरवतच होते, आणि तरीही आरपीएमचा काटा, जो स्पार्कच्या यंत्रणेच्या इशाऱ्यावर चालतो, थेट शून्यावर कोसळला. हेडलाइट मात्र जराही मंद झाला नाही. बाजूला थांबून प्लग काढला, तर तो पेट्रोलने ओला होता. इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारल्यावर स्पार्क अजिबात दिसला नाही. बारा मिनिटांनी त्याच प्लगवर निळा, टकटक वाजणारा स्पार्क आला. (ही चाचणी करताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, कारण किक मारल्यावर तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते.)

मेकॅनिकच्या मते टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) घट्ट झाले असावेत. ते मी थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासून घेतले आणि ते बरोबर आहेत; तसेही टॅपेटमुळे स्पार्क नाहीसा होईल असे मला वाटत नाही. प्लग आणि प्लगची टोपी नवी बसवली आहे. एचटी कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारी कॉइल) याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची लावून पाहिली, फरक पडला नाही. सीडीआय बॅटरीवर चालणारी आहे; गाडी बंद पडलेली असताना, कपलर (तारांचा जोड) न काढता, तिच्या पुरवठ्याच्या तारेवर १२.५ व्होल्ट मिळाले, त्यामुळे इग्निशन स्विच आणि किल स्विच यांच्यावरचा संशयही फिटला. उरल्या त्या पल्सर कॉइल आणि सीडीआय.

पल्सर कॉइलचा रोध थंड असताना २१० ओहम भरतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे तापमान ६० अंशांनी वाढले तर तो २६० ओहमच्या आसपास जाणे स्वाभाविकच आहे. तेवढ्यावरून कॉइल खराब ठरवणे चुकीचे होईल. माझी अडचण अशी की तिचा कपलर टाकीखाली आहे आणि टाकी काढेपर्यंत इंजिन निवते. आता मी कॉइलच्या दोन्ही तारा जोड देऊन गाडीच्या बाजूच्या कव्हरपर्यंत आणणार आहे, म्हणजे गाडी बंद पडताच मीटर लावता येईल. पण तारेतली बारीक चीर केवळ इंजिनाच्या थरथरीने उघडत असेल, तर थांबलेल्या इंजिनावर रोध ठीकच दिसेल. अशा वेळी किक मारताना पल्सरचा एसी व्होल्टेज मोजणे अधिक भरवशाचे ठरेल का? साध्या मल्टीमीटरवर तो वाचता येतो का?

दुसरा प्रश्न सीडीआयचा. गाडी जागेवर सुरू ठेवून फक्त सीडीआयला हेअर ड्रायरने ऊब दिली आणि इंजिन बंद पडले, तर दोष तिचाच, असे मानता येईल का, आणि चांगली सीडीआय बिघडू नये म्हणून कितपत तापवणे सुरक्षित आहे? तिच्या अर्थिंगच्या तारेची चाचणी अजून केलेली नाही. तीही कारण असू शकते का, हे कृपया सांगावे.

पल्सर कॉइलच निघाली, तर ती स्टेटरपासून (मॅग्नेटच्या आत स्थिर बसवलेल्या कॉइलच्या प्लेटपासून) वेगळी बदलता येते की पूर्ण प्लेट घ्यावी लागते? मॅग्नेटचे कव्हर उघडण्याआधी ऑइल काढावे लागेल का, की गाडी दुसऱ्या बाजूला कलती ठेवून भागते? ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे, त्यांनी गॅस्केट आणि कॉइलच्या रोटरपासूनच्या (फिरणाऱ्या मॅग्नेटपासूनच्या) अंतराबद्दलही लिहावे. तारा बाहेर काढून झाल्यावर गरम अवस्थेतले आकडे मी इथेच देईन.